व्हॅली ऑफ फ्लॉवर्स : आईला बहरात न्यावे की पाऊस ओसरल्यावर?

प्रश्न (लोकमान्यनगर, इंदूर)
उत्तराखंडातील व्हॅली ऑफ फ्लॉवर्स पाहण्याची आमच्या आईची फार जुनी इच्छा आहे. ती सत्तरीला टेकली असली, तरी रोज नेमाने फिरते. पावसाळ्यात डोंगरातले रस्ते बंद पडतात, म्हणून घरची मंडळी सप्टेंबरअखेरीस जाण्याचे सुचवीत आहेत. तेव्हा फुले दिसतील का आणि चढ तिला झेपेल का, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर (रामबाग)
राष्ट्रीय उद्यान 1 जून ते 31 ऑक्टोबर उघडे असते; मात्र फुलांचा खरा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असतो आणि तो पावसावरच फुलतो, त्यामुळे पाऊस टाळून फुले पाहणे जमणार नाही. सप्टेंबरअखेरीस आकाश निवळते, शिखरे स्वच्छ दिसतात, पण कुरणे पिवळी पडू लागलेली असतात. आईंना फुलांचीच ओढ असेल, तर बहरातच न्यावे आणि परतीच्या आरक्षणाआधी दोन दिवस मोकळे ठेवावेत, कारण जोशीमठच्या वाटेवर दरड कोसळली, तर रस्ता मोकळा होईपर्यंत थांबण्यावाचून इलाज नसतो.

उत्तर (वैशालीनगर)
वरील मताशी मी सहमत आहे. चढाबद्दल सांगतो. गोविंदघाटहून पुलन्यापर्यंत गाडी जाते. तेथून दरीजवळच्या मुक्कामाच्या गावापर्यंत, म्हणजे घांगरियापर्यंतच्या सुमारे दहा किलोमीटरसाठी आईंना खेचर करून द्यावे. उद्यानात खेचरांना मनाई आहे आणि मुक्कामही करता येत नाही, म्हणून सकाळी लवकर निघावे. पुष्पावती नदी ओलांडल्यावर भोजपत्राच्या झाडीतून चढ लागतो, आणि मग एकाएकी समोर कुरणे उघडतात, ज्यांच्या दोन्ही अंगांना कड्यांवरून हिमनद्यांचे पाणी धबधब्यांनी उतरत असते. 1931 मध्ये कामेट शिखरावरून परतताना ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ यांना ही दरी अशीच अवचित दिसली होती. शेवटपर्यंत जाण्याचा हट्ट मुळीच धरू नये. कुरणांच्या तोंडाशीच आईंचे मन भरून येईल.

आपले इंदूर साडेपाचशे मीटरांवर, तर घांगरिया तीन हजारांच्या वर; म्हणून जोशीमठात एक मुक्काम अवश्य करावा. घांगरियाहूनच वाट जाणारे हेमकुंड हे शिखांचे तीर्थस्थान चार हजार तीनशे मीटरांच्या आसपास आहे. ब्रह्मकमळे पाहण्यासाठी तेथे जायचे असल्यास आधी दरी पाहावी, आईंना दम लागतो का ते बघावे आणि मगच ठरवावे.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनःपूर्वक आभार. जुलैअखेरचे आरक्षण करते. हेमकुंडाचा निर्णय घांगरियात आईलाच विचारून घेऊ.