चाखणं कमी, खोकी उचलणं जास्त

'सोमेलिए म्हणजे दिवसभर वाइन चाखायची आणि वर पगार घ्यायचा' हे वाचून हसू आलं. अहो, रेस्टॉरंटमध्ये वाइन निवडून देणाऱ्या या जाणकाराचा निम्मा दिवस तळघरात खोकी उचलण्यात, साठा मोजण्यात आणि ग्लास पुसण्यात जातो. चाखलेली वाइनही बहुतेक वेळा थुंकूनच टाकतात!

परीक्षेचं म्हणाल, तर सोमेलिएंची परीक्षा घेणाऱ्या 'कोर्ट ऑफ मास्टर सोमेलिएर्स' या संस्थेच्या ४ पायऱ्या आहेत. मास्टर या शेवटच्या पायरीची पहिली परीक्षा १९६९ साली ब्रिटनमध्ये झाली. मास्टरच्या परीक्षेत २५ मिनिटांत ६ वाइन लेबल न बघता ओळखायच्या. द्राक्ष, प्रदेश, साल, सगळं तोंडी. थिअरी आणि सर्व्हिस वेगळीच.

मला मात्र टेबलावरची कसोटी जास्त अवघड वाटते. गिऱ्हाइकाचं बजेट चारचौघांत विचारायची सोय नसते. मग यादीतल्या एका किमतीवर हळूच बोट ठेवून विचारायचं, 'असं काही चालेल?'