मेन सर्व्हर पडला की दुसरा चालू असूनही नावं सापडत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमचं ऑफिस कोल्हापुरात शाहूपुरीत आणि वर्कशॉप शिरोली एमआयडीसीत, मधे व्हीपीएन (इंटरनेटवरनं जोडलेली खासगी लिंक), दोन्हीकडचे मिळून पस्तीसेक पीसी. शाहूपुरीत दोन विंडोज सर्व्हर आहेत, दोन्ही डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचं लॉगिन तपासणारे), दोन्हीवर डीएनएस (नावावरनं आयपी पत्ता सांगणारी सेवा). परवा मेन सर्व्हरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) उडाला आणि पुण्यावरनं पार्ट येईपर्यंत सगळं ठप्प, शिरोलीत माल भरून ट्रक गेटवर उभा आणि चलन निघेना. दुसरा सर्व्हर त्याच रॅकमधे चालू होता, आयपीनं पिंग केलं की लगेच रिप्लाय, पण त्याचं डाटा२.ऑफिस.लोकल असं पूर्ण नाव टाकलं की होस्ट सापडत नाही. इंटरनेट मात्र सगळ्यांचं व्यवस्थित! आणखी एक विचित्र, शाहूपुरीत नुसतं डाटा२ टाकलं की काही पीसीवर फोल्डर उघडायचं, शिरोलीत एकाही पीसीवर नाही. त्याच दिवशी एक नवीन लॅपटॉप जोडला, त्याला १६९.२५४ नं सुरू होणारा आयपी आला.

डीएचसीपी (पीसींना आपोआप आयपी वाटणारी सेवा) मेन सर्व्हरवर आहे, त्यातनं पीसीला पहिला डीएनएस मेन सर्व्हरचा आणि दुसरा गूगलचा ८.८.८.८ मिळतो, आधीच्या व्हेंडरनं असंच करून दिलंय. पावसाळा तोंडावर आलाय, २०१९ ला हायवेवर पाणी येऊन शिरोलीजवळ रस्ता बंद झाला होता, तसं झालं तर इकडचा माणूस तिकडं जाऊ शकत नाही. त्याआधी हे पक्कं करायचं आहे. कुठनं सुरुवात करू?

उद्यमनगरकर:
दादा, घोळ त्या ८.८.८.८ चा आहे. विंडोज पहिल्या डीएनएसला विचारतं, साधारण सेकंदभर वाट बघून दुसऱ्याकडं जातं, इथपर्यंत बरोबर. पण तुमचं ऑफिस.लोकल गूगलला काय माहीत, ते सरळ 'असं नाव नाही' म्हणून सांगतं आणि पीसीच्या दृष्टीनं ते पूर्ण उत्तर झालं, मग तो आणखी कुणाला विचारत बसत नाही. म्हणून इंटरनेट चालू आणि आतलं सगळं बंद. पीसीला दोन्ही डीएनएस आतलेच द्या, ८.८.८.८ फक्त सर्व्हरच्या डीएनएसमधे फॉरवर्डर म्हणून, म्हणजे बाहेरची नावं पुढं विचारायला, टाका. शाहूपुरीत छोटं नाव चाललं ते डीएनएसमुळं नाही, विंडोज त्याच नेटवर्कमधे ओरडून विचारतं आणि दुसरा सर्व्हर 'मी इथं आहे' म्हणतो, तो ब्रॉडकास्ट व्हीपीएन ओलांडून शिरोलीला जात नाही.

लॅपटॉपला १६९.२५४ म्हणजे डीएचसीपीच मिळाला नाही. जुने पीसी चालले कारण विंडोज सर्व्हरवर लीज, म्हणजे दिलेल्या आयपीची मुदत, डिफॉल्ट ८ दिवसांची असते. सर्व्हर २०१२ किंवा पुढचा असेल तर डीएचसीपी फेलओव्हर (एक पडला तर दुसरा आयपी देतो) त्यातच आहे, दोन्ही सर्व्हरची जोडी लावा. आणि डीएनएसचा ऑप्शन बदलला तरी पीसीला ते लीज रिन्यू होताना कळतं, म्हणजे निम्मी लीज संपल्यावर, नाहीतर रिस्टार्ट करा किंवा आयपीकॉन्फिग रिन्यू मारा.

धागाकर्ता:
खूप आभार, आता सगळं जुळतंय. मग मेन पडला तर शेअर फोल्डर आपोआप दुसऱ्यावरनं उघडतील का? टॅलीचा डाटापण मेनवरच आहे.

राजारामपुरीकर:
नाही, इथं लई लोक फसतात. डीएनएस फक्त पत्ता सांगतं, फाईल दुसऱ्या मशीनवर नसेल तर पत्ता मिळून उपयोग काय. साध्या वर्ड-एक्सेलच्या फोल्डरला विंडोजचं डीएफएस लावा, नेमस्पेस (दोन्ही सर्व्हरच्या फोल्डरला एकच नाव) आणि रेप्लिकेशन (फाईलची दोन्हीकडं कॉपी) दोन्ही. टॅलीचा डाटा त्यात अजिबात टाकू नका, सतत उघड्या असणाऱ्या फाईलसाठी ते बनलेलंच नाही. त्याचा रोज रात्री दुसऱ्या सर्व्हरवर बॅकअप घ्या आणि एकदा रिस्टोअर करून उघडून बघा, लायसन्स कुठल्या मशीनवर आहे तेही बघून ठेवा. शेअरला टोपणनाव म्हणजे सीनेम देणार असाल तर टीटीएल (पीसीनं पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) ५ मिनिटं ठेवा, डिफॉल्ट १ तासाचा असतो, तेवढा वेळ पीसी जुनाच पत्ता धरून बसतात.

माझं ठाम मत, दोन्ही सर्व्हर एका रॅकमधे, एका यूपीएसवर ठेवू नका. दुसरा शिरोलीला हलवा, तिथल्या पीसीला पहिला डीएनएस तोच द्या आणि डीएचसीपीपण तिथनंच मिळू दे. मग पंचगंगा ४३ फुटाच्या धोका पातळीच्या वर गेली आणि लिंक तुटली तरी वर्कशॉपचं लॉगिन चालू राहील.

उद्यमनगरकर:
सहमत. टेस्ट सुट्टीच्या दिवशी मेनची लॅन केबल काढून करा, पण एनएसलुकअपवर (डीएनएस तपासायची कमांड) विसंबू नका, ते पहिल्याच डीएनएसला विचारून टाइमआउट दाखवतं. आधी फ्लशडीएनएस मारा म्हणजे पीसीनं लक्षात ठेवलेले जुने पत्ते पुसले जातील, मग पूर्ण नावानं पिंग करा, आणि शिरोलीत कुणाला तरी बसवून तिथनंही करून घ्या.

धागाकर्ता:
या रविवारीच करतो. शिरोलीच्या स्टोअरमधे एसी नाही, धूळही भरपूर असते, तिथं सर्व्हर ठेवायला बंद कॅबिनेट कुणी वापरलंय का? असेल तर सांगा.