मदत हवी आहे: स्लोव्हाकियातल्या डेव्हिन किल्ल्याचा इतिहास

नमस्कार मंडळी,

ब्रातिस्लाव्हाजवळ डॅन्यूब आणि मोरावा नद्यांच्या संगमावर, उंच कातळावर डेव्हिन किल्ल्याचे अवशेष आहेत. समोरचा काठ ऑस्ट्रियाचा. आमच्या मंडळाच्या अंकासाठी मी यावर लेख लिहितेय, पण दोन ठिकाणी गाडी अडली आहे.

पहिलं म्हणजे, 864 साली जर्मन राजा लुडविगने मोराविया या स्लाव राज्याचा राजा रास्तिस्लाव याला 'डोविना' नावाच्या गडात वेढलं, अशी नोंद फुल्डाच्या बखरीत (नवव्या शतकातल्या लॅटिन बखरीत) आहे. तो गड हाच, असं सर्रास सांगतात, पण अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. गडावर नवव्या शतकातल्या चर्चचा पाया सापडलाय, पण तेवढ्याने वेढा इथेच पडला असं म्हणता येईल का? विरोधी बाजू नीट मांडणारं इंग्रजी किंवा जर्मन लेखन कुणी वाचलंय का?

दुसरं, 1809 मध्ये नेपोलियनच्या फौजेने सुरुंग लावून किल्ला उडवला. त्याआधीचा नकाशा किंवा चित्र कुठे बघायला मिळेल? सुळक्याच्या टोकावर एकटाच उभा असलेला चिमुकला बुरूज, ज्याला कुमारी बुरूज म्हणतात, तो मूळ तटबंदीला कसा जोडलेला होता, हे मला समजून घ्यायचंय. माझ्या मते अख्ख्या गडावर बघण्यासारखी सगळ्यात सुंदर जागा तीच.

कम्युनिस्ट काळात गडाखाली मोरावाकाठी काटेरी कुंपण होतं, पळून जाताना माणसं मारली गेली. त्यावर लेखात लिहिणारच आहे, त्याची माहिती जमली आहे.

व्हिएन्ना-ब्रातिस्लाव्हाकडे राहणाऱ्यांनी तिथल्या संग्रहालयाबद्दलही जरूर सांगा.