पाब्स्टने ब्रेश्टची नखं काढली का?

काळीमांजर: दिग्दर्शक पाब्स्टचा १९३१चा 'द्रायग्रोशनओपर' ('तीन पैशांचा ऑपेरा') हा जर्मन चित्रपट देखणा आहे, पण बोथट. ब्रेश्टच्या मूळ नाटकात (बर्लिन, १९२८) गाणं आलं की गोष्ट थांबते, प्रकाश बदलतो आणि नट थेट आपल्याकडे बघून गातो. चित्रपटात जवळजवळ निम्मी गाणी गेली. चोरांचा म्होरक्या मॅकी आणि वेश्या जेनी यांच्या टँगो गाण्याची नुसती धून उरली. चोर-भिकाऱ्यांचं लंडन एवढं मोहक दिसावं?

विंगेतला: 'समुद्री चाच्यांची जेनी' हे गाणं विसरलात. नाटकात ते मॅकीची नवरी पॉली लग्नात गाते, म्हणजे गंमत म्हणून. पाब्स्टने ते जेनीला, म्हणजे ती भूमिका करणाऱ्या लोटे लेन्याला दिलं, तेही मॅकीला पकडून देण्याच्या प्रसंगात. ती जवळजवळ हलतही नाही. गाणं एकदम सुडाचं होतं. ही नखं नाहीत तर काय?

काळीमांजर: म्हणजे गाणं पात्राच्या मनात शिरलं. ब्रेश्टला नेमकं तेच नको होतं, प्रेक्षकाने पात्रात न गुंतता विचार करावा हा त्याचा आग्रह! आपल्याकडे याच नाटकाच्या रूपांतरात, 'तीन पैशाचा तमाशा'त (१९७८) पु. लं.ना ही सोय आयती मिळाली, कारण तमाशात गाणं प्रेक्षकांकडे तोंड करूनच होतं.

रीळवाला: चित्रपटाच्या निर्मात्यांविरुद्ध ब्रेश्ट कोर्टात हरला, संगीतकार व्हाइल जिंकला, एवढंच सांगितलं जातं. पण शेवटी पॉली आणि टोळी बँक चालवायला घेतात, ही कल्पना ब्रेश्टच्याच आराखड्यातली. नाटकात राणीचा दूत येऊन मॅकीला माफी देतो. इथे पोलीसप्रमुख आणि भिकाऱ्यांचा मालक पीचम दोघेही बँकेत भागीदार होतात. चित्रपट फेब्रुवारीत लागला आणि जुलैत जर्मनीत खरोखरच डानाट बँक बुडाली. आणि 'काही अंधारात, काही उजेडात' हे कडवं मूळ नाटकात नव्हतंच, ते चित्रपटासाठी लिहिलं गेलं.

विंगेतला: भिकाऱ्यांचा मोर्चाही बघा. नाटकात ती पीचमची नुसती धमकी आहे. इथे राणीच्या राज्याभिषेकाच्या मिरवणुकीत मोर्चा निघतो, पीचम स्वतः आडवा येतो तरी थांबत नाही. राणी फुलांमागे तोंड लपवते.

काळीमांजर: मोर्चा मान्य. टँगो नाही.

रीळवाला: टँगोसाठी फ्रेंच आवृत्ती बघून काही हाती लागतं का पाहा. डबिंग तेव्हा भरवशाचं नव्हतं, म्हणून त्याच सेटवर आल्बेर प्रेजाँ, फ्लोरेल यांना घेऊन सगळं पुन्हा चित्रित केलं. प्रेजाँचा मॅकी हसरा आहे, जर्मन आवृत्तीतल्या फोर्स्टरचा थंड. पटकथा तीच, नट बदलले तर धार किती बदलते ते कळेल.