खुलभर दूध आणि धुरंधरांची चित्रं

हर्णैकर: आमची आजी श्रावणी सोमवारी माजघरात बसून खुलभर दुधाची कहाणी सांगायची. राजानं गावाचं सगळं दूध ओतवलं तरी गाभारा भरेना. म्हातारीनं आधी मुलंबाळं, गाईवासरं तृप्त केली, उरलेलं खुलभर दूध वाहिलं, आणि भरला! तीच कहाणी परवा किनकेडच्या १९१४ च्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’मध्ये वाचली. आटपाट नगरसुद्धा तसंच. चित्रं एम. व्ही. धुरंधरांची. हे किनकेड कोण? आणि धुरंधर म्हणजे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टवालेच ना?

मालगुंडची लेक: हो, तेच. जन्म १८६७, कोल्हापूरचा. जे. जे. मध्ये शिकले, तिथेच शिकवलं. साडीचा काष्टा, अंबाडा हे सगळं घरात पाहिलेलं, म्हणून चित्रांतल्या बायका आपल्या वाटतात. किनकेड आयसीएस अधिकारी, पुढे द. ब. पारसनीसांबरोबर मराठ्यांचा इतिहास लिहिला.

वेंगुर्ल्याहून: मेरी फ्रिअरचं ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे लोककथांचं पुस्तकही बघा, १८६८ चं. चित्रं तिच्या बहिणीची. पण मला मोठी गोष्ट वाटते ती ही, की तिला कथा सांगणाऱ्या, घरी कामाला असलेल्या आयाचं नाव, अ‍ॅना लिबराता डिसूझा, त्यात आहे. त्या आयाची स्वतःची हकिगतही दिलीय. एरवी सांगणारीला कोण विचारतं?

हर्णैकर: खरंय. आजी श्रावणात पुजायची त्या जिवतीच्या चित्रांच्या कागदावर हळदीकुंकवाचे डाग अजून आहेत. आमची कहाण्यांची चित्रं तीच होती. या श्रावणात आईला सगळ्या कहाण्या सांगायला लावून रेकॉर्ड करतो, तिच्या नावानिशी.