मनातली गाडी की घरातली गाडी? इंदूरकरांचे अनुभव

धागाकर्ता

मंडळी, अकरा वर्षं वापरलेली हॅचबॅक आता विकतो आहे आणि दिवाळीच्या आत दारात नवी गाडी हवी आहे. घरात आम्ही पाच जण: मी, बायको, सातवीतली मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि आई. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आहे. रोजचं जाणं-येणं टिळक नगर ते विजय नगर. वर्षातून दोनदा पुणे, अधूनमधून ओंकारेश्वर नाहीतर महेश्वर.

व्हर्टस जीटी ही स्पोर्टी सेडान बाजारात आली तेव्हापासून ती माझ्या मनात बसली आहे. दीड लिटरचं टर्बो इंजिन, १५० पीएस ताकद, २५० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढ. एकदा मित्राची बायपासवर चालवली आणि त्या रात्री झोप लागली नाही, हे अगदी खरं सांगतो. घरच्यांचा कौल मात्र सात सीटच्या उंच एर्टिगाला आहे. कर तरी एखाद्या बाजूला झुकेल म्हणून तेही पाहिलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंतच्या आणि डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांना १८ टक्के जीएसटी आहे, त्यापुढच्यांना ४०. माझ्या दोन्ही गाड्या ४० मध्येच बसतात, त्यामुळे तिथूनही उत्तर मिळालं नाही.

ज्यांनी अशी निवड केली आहे त्यांनी अनुभव लिहावेत ही विनंती. काय घेतलंत यापेक्षा घेतल्यानंतर दोन-तीन वर्षांनी काय वाटलं, ते मला जास्त ऐकायचं आहे.

रामबागकर

दादा, तुमच्या आईंच्या गुडघ्यांचं वाचलं म्हणून लिहायला बसलो.

मी २०१६ साली एक छोटी टर्बो हॅचबॅक घेतली होती. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. त्या गाडीने मला इतका आनंद दिला की आजही रविवारी पहाटे जाग येते. साडेपाचला निघायचं, खंडवा रोडने सिमरोल मागे टाकून भेरूघाट उतरायचा, चोरलला चहा घ्यायचा आणि ट्रक वाढायच्या आत परत वर चढायचं. वळणात गाडी रुळावर असल्यासारखी बसायची. दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की पाठ सीटला टेकायची.

आई तेव्हा अडुसष्टची होती. सुरुवातीला दत्ताच्या देवळात, बहिणीकडे, लग्नकार्याला माझ्याबरोबर यायची. मग हळूहळू "तुम्ही जा, मला आज बरं वाटत नाही" असं म्हणायला लागली. आम्हाला वाटलं, वय झालं. तिला आता घरीच बरं वाटतं. जवळजवळ दीड वर्ष हे असंच चाललं होतं. एकदा भाच्याच्या मुंजीला मेहुण्याची उंच गाडी न्यायला आली, तर आई सगळ्यांच्या आधी तयार होऊन दारात उभी! परत आल्यावर बायकोने सहज विचारलं, तेव्हा म्हणाली, "त्या गाडीतून उठता येत नाही गं. चार लोकांसमोर दोन्ही हात धरून ओढून काढावं लागतं, मला लाज वाटते."

मला ती कधी म्हणाली नाही, कारण गाडीवर माझा किती जीव आहे हे तिला माहीत होतं.

त्या महिन्यातच गाडी विकली. आता उंच बसण्याची साधी गाडी आहे. भेरूघाटात ती झुलते, पिकअपही बेताचा. पण आईने शेवटची चार वर्षं त्या गाडीतून सगळं इंदूर पाहिलं, खजराना, अन्नपूर्णा, दर गणेशोत्सवातल्या झांक्या. तुम्ही आईंना शोरूममध्ये न्या आणि त्यांना विचारू नका, फक्त बसवा आणि उतरवा. सीट त्यांच्या कमरेच्या उंचीला हवी. त्या "चालेल रे" म्हणतील, त्यावर जाऊ नका.

विजय नगरची

माझं मत वेगळं आहे आणि ते मी ठामपणे मांडणार आहे. वय सव्वीस, इथे एकटी राहते, ऑफिस सुपर कॉरिडॉरला. मागच्या वर्षी आय२० एन लाइन घेतली, सहा गिअरची मॅन्युअल. एक लिटरचं टर्बो, १२० पीएस, चार मीटरच्या आत.

बाबांनी दोन महिने समजावलं. लग्न झाल्यावर लहान पडेल, सामान कुठे ठेवशील, आम्ही आलो तर काय. मी वर्षभराचे दिवस मोजून दाखवले. गाडीत तीनपेक्षा जास्त माणसं बसली असे दिवस नऊ निघाले. त्या नऊ दिवसांसाठी उरलेले साडेतीनशे दिवस मी नावडती गाडी का चालवायची? भाऊबीजेला सगळ्यांनी नाशिकला जायचं ठरलं, तेव्हा ड्रायव्हरसकट इनोव्हा भाड्याने घेतली. खर्च आम्ही तिघा भावंडांनी वाटून घेतला आणि आई-बाबा आरामात गेले.

माझ्या वडिलांनी आयुष्यभर "पुढे लागेल" म्हणून वस्तू घेतल्या. त्यांच्या पिढीला ते करावं लागलं याचा मला आदर आहे. पण माझ्या पगाराची पहिली गाडी मला आजच्या माझ्यासाठी हवी होती. गर्दीत टर्बोचं ॲव्हरेज पडतं हे खरं. पलासियाच्या सिग्नलवर बाराच्या खालीही गेलं आहे. ते मी पत्करलं आहे.

पिथमपूरवाला

गाड्यांच्या चाचण्यांशी संबंधित काम करतो, म्हणून थोडं तांत्रिक.

आपल्या शेजारीच पिथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे, जून २०२१ मध्ये सुरू झाला. चार लेनचा लंबगोल, वळणं तिरकी बांधलेली. तिथे एखादी ताकदवान गाडी पूर्ण वेगाने गेलेली पाहिली की कुणालाही ती घ्यावीशी वाटेल. मला रोज वाटतं. पण संध्याकाळी त्याच गाडीच्या जातीची गाडी महू नाक्याच्या गर्दीत तीस-चाळीसच्या वर जात नाही. आकडे ट्रॅकवर मोजतात, आपण राहतो नाक्यावर.

तरीही ताकद वाया जाते असं मी म्हणणार नाही. दोन पदरी रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीला ओलांडताना ६० वरून ९० वर किती लवकर पोचता, यावर समोरच्या लेनमध्ये किती सेकंद उघडे राहता ते ठरतं. कमी फेऱ्यांवर टॉर्क देणारं टर्बो इंजिन तिथे खरोखर सुरक्षा देतं. सात माणसं, सामान आणि एसी घेऊन चढणाऱ्या साध्या दीड लिटर पेट्रोलला गिअर खाली टाकून वाट बघावी लागते. ती वाट बघण्याची सवय असेल तर काहीच अडचण नाही. नसेल तर धोका चालवणाऱ्याच्या उतावळेपणाचा आहे.

दुसरं म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स, गाडीचं पोट आणि रस्ता यांच्यातलं अंतर. जाहिरातीतला आकडा बऱ्याचदा रिकाम्या गाडीचा असतो. पाच मोठी माणसं आणि बॅगा म्हणजे चारशे किलोच्या आसपास वजन, स्प्रिंग दबतात आणि कॉलनीतल्या हाताने घातलेल्या स्पीडब्रेकरवर पोट घासतं. स्पोर्टी गाडीचे टायर पातळ कडेचे असतात, खड्ड्यात रिमला मार बसतो. उंच गाडीचं उलट. गुरुत्वमध्य वर असल्याने अचानक वळवताना ती जास्त कलते, म्हणून उंच म्हणजे सुरक्षित हेही खरं नाही.

म्हणून टेस्ट ड्राइव्ह एकट्याने घेऊ नका. सगळं घर भरा आणि ओळखीच्या वाईट रस्त्यावर न्या. शोरूमचा माणूस त्याच्या ठरलेल्या गुळगुळीत फेरीवर नेईल, त्याला नम्रपणे नाही म्हणा.

तानपुरेवाली काकू

मी गाणं शिकवते. लोक डिकीचे लिटर मोजतात, मी सांगते डिकीचं तोंड मोजा.

आमच्या आधीच्या सेडानची डिकी चांगली पाचशे लिटरच्या आसपास होती. पण मागच्या सीटची पाठ दुमडत नव्हती आणि तोंड अरुंद. साडेचार फुटांचा तानपुरा गवसणीत घालून आडवा, उभा, तिरका, कसाच जाईना. प्रत्येक कार्यक्रमाला दोन शिष्या मागे बसायच्या आणि त्यांच्या मांडीवर तानपुरा. एकदा देवासच्या वाटेवर जोराचा ब्रेक लागला आणि भोपळ्याला तडा गेला. तो तानपुरा माझ्या गुरूंनी मिरजेहून आणून दिलेला होता. दुरुस्त झाला, पण मी अजून त्या जागेवरून हात फिरवते.

आता ६०:४० दुमडणाऱ्या सीटची साधी हॅचबॅक आहे. तानपुरा आत, शेजारी एक माणूस, पुढे दोघं. गाडी घ्यायला जाताना मोजपट्टी घेऊन गेले होते. तुमच्या घरात वॉकर, व्हीलचेअर, सायकल, जे काही असेल ते प्रत्यक्ष घेऊन जा.

माहेर इंदूर, सासर बडोदा

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या सोसायटीच्या तळघरात एकोणीस गाड्या होत्या. आमची बुटकी सेडान आधी बुडाली, शेजाऱ्यांची एसयूव्ही नंतर. बुडाल्या दोन्ही. तेव्हा "पावसासाठी उंच गाडी घ्या" हा सल्ला मी अर्धाच मानते. रस्त्यावर गुडघाभर पाण्यात उंचीचा उपयोग होतो, नदी घरात आल्यावर नाही.

कामाला आल्या त्या दोन गोष्टी. विम्यात इंजिन प्रोटेक्शन जोडलेलं होतं, आणि यजमानांनी पाणी ओसरल्यावर चावी फिरवली नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल आणि गाडी चालू केली तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन संपतं. शेजारच्या दोघांनी घाईने स्टार्टर मारला, त्यांचा खर्च कितीतरी वाढला. गाडी टोइंगनेच हलवायची. स्पोर्टी घ्या की साधी घ्या, ही जोड विम्यात नक्की घ्या.

पागनीस पागेतले आजोबा

मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. २००२ साली पॅलिओ १.६ घेतली होती, शंभर घोड्यांची. पेट्रोल पीत होती, पण काय चालून राहिली होती! मानपूरचा घाट उतरून खलघाटच्या पुलावर नर्मदा दिसेपर्यंत मी आणि सौ. एक शब्द बोलायचो नाही. बोलावंसंच वाटायचं नाही.

मुलं मोठी झाली, सासूबाई राहायला आल्या, २००५ मध्ये पॅलिओ देऊन क्वालिस घेतली. क्वालिसने आठ-आठ माणसं शिर्डीला, पंढरपूरला नेली, कधी रस्त्यात उभी राहिली नाही. निर्णय बरोबरच होता. पण सौ. गेल्यावर मला क्वालिसमधली यात्रा आठवत नाही, पॅलिओतला तो घाट आठवतो. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिलं.

टॅक्सीवाले भाऊ

आमच्याकडे सात गाड्या आहेत. एक गोष्ट सांगतो, सात सीटच्या गाडीत सात माणसं बसली की सामानाला जागा राहत नाही. एर्टिगाची तिसरी रांग वर असताना डिकी २०९ लिटर, खाली पाडली की ५५० लिटर. पुण्याच्या सहाशे किलोमीटरला सात जण आणि सात बॅगा असा हिशेब करू नका. तुम्ही पाच जण आहात, तिसरी रांग पाडून ठेवा, मग ती तुम्हाला फार उपयोगाची. सीएनजी घेणार असाल तर टाकी कुठे बसते ते बघून घ्या. आणि सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटात उतरताना न्यूट्रल करू नका, गाडी कुठलीही असो.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. रामबागकरदादा, तुमचं लिहिलेलं बायकोला वाचून दाखवता आलं नाही, फोन तिच्या हातात दिला.

शनिवारी सगळे गेलो. वॉकर बरोबर नेला, काकू. आधी व्हर्टस. डिकीत वॉकर उघडा ठेवूनही जागा उरली, ५२१ लिटर आहेच. मुलगी पुढे बसली आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी बाहेरच बघत राहिलो. मग आई बसली. बसताना काही म्हणाली नाही. उतरताना तिने आधी दाराची वरची कड धरली, मग माझा खांदा, आणि उभी राहिल्यावर पदर सारखा करत म्हणाली, "चालेल रे."

मग एर्टिगा. आई पाठ टेकवून बसली, वॉकर तिने स्वतःच मागे सरकवायला सांगितला, पर्स मांडीवर घेतली आणि विचारलं, "अन्नपूर्णेपर्यंत जाऊन यायचं का?"

पाच जण बसून गेलो. परत येताना चढावर गिअर खाली टाकावा लागला, पिथमपूरवाले म्हणाले तसंच. बुकिंग केलं आहे. इंजिन प्रोटेक्शनसकट विमा सांगितला आहे.

विजय नगरच्या ताई, एक विनंती. पुढच्या रविवारी पहाटे साडेपाचला भेरूघाटाला जाणार असाल, तर मला आणि मुलीला मागच्या सीटवर घ्याल का? चोरलचा चहा माझ्याकडून.