अमेरिकेत जाहिरातींनी गिऱ्हाईक शहाणं केलं की फसवलं?

आडवाट:
"गिऱ्हाईक शहाणं असतं, जाहिरात फक्त माहिती देते" हे वाक्य ऐकलं की मला लिडिया पिंकहॅम आठवते. मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावची बाई, १८७५ पासून बायकांच्या दुखण्यांवर जडीबुटीचं औषध विकायची. पेपरात तिचा फोटो, चांगल्या घरातल्या आजीसारखा शांत चेहरा, आणि मजकूर असा की डॉक्टरला सांगायला लाज वाटते ना, मग मिसेस पिंकहॅमना पत्र लिहा. बायका लिहायच्या, पाळीचं, मूल न राहण्याचं, नवऱ्यालाही न सांगितलेलं सगळं. बाई मात्र १८८३ मध्येच वारली होती! १९०५ मध्ये लेडीज होम जर्नल या बायकांच्या मासिकाने तिच्या थडग्याचा फोटो छापला. म्हणजे २२ वर्षं त्या बायका कोणाला लिहीत होत्या? आणि बाटलीत जवळपास १८ टक्के अल्कोहोल. याला फसवणूकच म्हणायचं.

कणसं:
कंपनीचं म्हणणं होतं की आता मिसेस पिंकहॅम म्हणजे तिची सून. ते मलाही पटत नाही. पण एका औषधावरून सगळ्याच जाहिरातींना झोडपू नका. त्या काळातला अमेरिकेच्या दक्षिणेतला काळा शेतकरी डोळ्यासमोर आणा. गावात दुकान एकच, मालावर किंमत लिहिलेली नाही, उधारी उभ्या पिकावर, आणि सगळे गोरे गिऱ्हाईक संपेपर्यंत याने कोपऱ्यात उभं राहायचं. त्याच्या हातात शिकागोहून टपालाने माल पाठवणाऱ्या सीअर्स कंपनीचा कॅटलॉग आला, प्रत्येक वस्तूपुढे किंमत छापलेली, माल आवडला नाही तर पैसे परत, आणि इंग्रजी येत नसेल तर तुमच्या भाषेत लिहा असंही सांगितलेलं. शिकागोत पाकीट उघडणाऱ्याला पाठवणारा काळा की गोरा ते कळायचंही नाही. याला मी सुटका म्हणतो, ठामपणे.

आडवाट:
छापील किंमत चांगलीच हो, त्यावर वाद नाही. पण त्याच कॅटलॉगमध्ये पुरुषांची ताकद वाढवणारा विजेचा पट्टाही होता ना? आणि लिस्टरिन बघा. १८७९ मध्ये जंतुनाशक म्हणून निघालेलं, १९२० च्या दशकात त्याच्या जाहिरातींनी तोंडाच्या वासाला हॅलिटोसिस असं भारदस्त नाव घरोघरी पोचवलं आणि लग्नाच्या वयाच्या मुलींना घाबरवलं की यामुळेच तुमचं लग्न जमत नाहीये. आधी लाज पेरायची, मग बाटली विकायची. यात माहिती कुठे आहे?

मुंगी_उडाली:
पण यांना उघडं कोणी पाडलं तेही बघा, जाहिरातींवर चालणाऱ्या मासिकांनीच. लेडीज होम जर्नलने तर असल्या औषधांच्या जाहिराती १८९२ मध्येच बंद केल्या होत्या. मग १९०६ चा कायदा आला, अल्कोहोल, अफू, मॉर्फिन असेल तर लेबलवर लिहायचं. पिंकहॅमच्या बाटलीवरही आकडा आला. तरी त्या औषधाचा सगळ्यात जास्त खप झाला तो १९२० च्या दशकात!

आडवाट:
मग हेच तर म्हणतोय मी. लेबल वाचूनही घेत होत्या, इतकी ती जाहिरात डोक्यात बसलेली.

कणसं:
किंवा डॉक्टर इतके वाईट होते. १८७० च्या दशकापासून बायकांच्या "नसांच्या" तक्रारींवर चांगली बीजकोशं काढून टाकायचे, त्यात कितीतरी मेल्या. माझ्या आजीला पोटात दुखतंय म्हटलं की "बायकांचं असतंच" म्हणून घरी पाठवायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमचं ऐकून घेणारं कोणीतरी आहे असं एखाद्या बाटलीवर लिहिलेलं असतं तर तिनेही ती घेतली असती, आणि मी तिला वेडी म्हटलं नसतं.